लघवीची नळी आणि तिची नोंद
वृद्ध निवाशांच्या शुश्रूषेतील एक दुर्लक्षित कर्तव्य



मी वैद्यकीय क्षेत्रातला माणूस नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. नोंद करणे, जुळवणे आणि तपासणे हेच माझे रोजचे काम. तरीही या स्मरणिकेसाठी मी शुश्रूषेतल्या एका नोंदीचा विषय घेतला आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना मोठे बाबा म्हणतो, वयाच्या ७९ व्या वर्षी मोरीत घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी लघवीसाठी नळी घातली गेली. पुढे घरी उचलायला-बसवायला माणूस नाही म्हणून त्यांना एका वृद्धसेवा केंद्रात ठेवले. नळी तशीच सोबत आली. केंद्राच्या वहीत पहिल्या दिवशी लिहिले होते, "पेशंट आला. कॅथेटर आहे." पुढे रोज एकच ओळ, "कॅथेटर ओके." पाचव्या आठवड्यात त्यांना थंडी वाजून ताप आला. ते असंबद्ध बोलू लागले, पोटच्या मुलाला ओळखेनात. आम्ही त्यांना रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तीन साधे प्रश्न विचारले. नळी कोणत्या तारखेला घातली? कितव्या नंबरची आहे? ती अजून कशासाठी ठेवली आहे?

एकाही प्रश्नाचे उत्तर कोणाकडे नव्हते. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचा तपशील होता, नळीबद्दल अक्षर नव्हते. केंद्राच्या वहीत "ओके" होते. आणि मी? दर रविवारी जाऊन पलंगाला लटकलेली ती पिशवी पाहत होतो. बँकेत दहा वर्षांपूर्वीचे व्हाउचर काढून देणारा मी, त्या पिशवीकडे पाहून एकदाही तारीख विचारली नाही.

डॉक्टर पुढे म्हणाले, "काका, ही नळी शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच निघायला हवी होती." मोठे बाबा १३ दिवसांनी परत आले. संसर्ग गेला, पण अंगातली शक्तीही गेली. त्यानंतर ते आधाराशिवाय उभे राहिले नाहीत.

या प्रसंगानंतर मी परिचारिकांना, डॉक्टरांना विचारून आणि मिळेल ते वाचून या विषयाचा अभ्यास केला. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी वृद्ध माणसे आहेत. आपले काही विद्यार्थी परिचारिका अभ्यासक्रमाला आहेत. त्या दोघांसाठी तो येथे क्रमाने मांडत आहे.

१. ही नळी म्हणजे काय?

मूत्रमार्गातून मूत्राशयात सरकवलेली ही मऊ, पोकळ नळी. तिच्या आतल्या टोकाजवळ एक छोटा बलून असतो. नळी मूत्राशयात पोचल्यावर त्या बलूनमध्ये निर्जंतुक पाणी भरतात, म्हणजे ती बाहेर घसरत नाही. फ्रेडरिक फोली या अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञाने १९३० च्या दशकात ही रचना रूढ केली. म्हणून तिला आजही फोलीज कॅथेटर म्हणतात. तिची जाडी ज्या नंबरात सांगतात ते माप पॅरिसमधील शारिएर या शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणाऱ्या कारागिराचे. एक नंबर म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. म्हणजे १५ नंबरची नळी बरोबर ५ मिलिमीटर जाडीची होईल. प्रौढांना बहुधा १४ किंवा १६ नंबरची वापरतात. काम भागेल तेवढी बारीक नळी घ्यावी, हा नियम.

नळी वाईट नाही. पुरःस्थ ग्रंथी वाढून लघवी अडलेल्या आजोबांना ती पाच मिनिटांत नवा जन्म देते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००९ साली दिलेल्या मार्गदर्शनात नळीची योग्य कारणे मोजून दिली आहेत. लघवी अडणे, अत्यवस्थ रुग्णाच्या लघवीचे तासातासाचे माप हवे असणे, काही शस्त्रक्रिया, कमरेखालील उघडी जखम लघवीने भिजणे, हाड मोडल्यामुळे दीर्घकाळ अजिबात हलता न येणे आणि अखेरच्या आजारात आराम. केवळ "अंथरुणात लघवी होते, सारखे कपडे बदलावे लागतात" हे कारण त्यात नाही. आपल्याकडे मात्र वृद्धांना अनेकदा याच कारणासाठी नळी घातली जाते. ती सेवकांच्या सोयीची असते, निवाशाच्या हिताची नसते.

२. नोंद कशासाठी?

शरीरात शिरलेली नळी ही जंतूंना मिळालेली पायवाट आहे. नळी आत असेपर्यंत दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. महिनाभर राहिली तर जवळजवळ सर्वांच्याच लघवीत जंतू सापडतात. जंतू सापडले म्हणजे रोग झालाच असे नाही आणि प्रत्येक वेळी औषध लागते असेही नाही. पण वृद्धाच्या बाबतीत पुढचा धोका मोठा असतो. म्हणून नळीबाबत सर्वांत महत्त्वाचा आकडा एकच, ती किती दिवस आत आहे. आणि तो आकडा पहिल्या दिवसाच्या तारखेवाचून काढता येत नाही.

नळी विसरली जाते, हे केवळ आमच्या घरचे दुर्दैव नव्हे. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांना विचारले गेले की, तुमच्या कोणत्या रुग्णाला नळी आहे? २८ टक्के वेळा डॉक्टरांना ते ठाऊकच नव्हते. जबाबदार वरिष्ठ डॉक्टरांच्या बाबतीत हे प्रमाण ३८ टक्के होते. आणि ज्या नळ्या विसरल्या गेल्या होत्या, त्यांतच विनाकारण ठेवलेल्यांचे प्रमाण अधिक होते. पुढे ऑक्टोबर २००८ पासून तेथील सरकारी आरोग्य विम्याने रुग्णालयात नळीमुळे झालेल्या संसर्गाचा जादा खर्च देणे बंद केले.

मला बँकेतला दाखला आठवतो. कर्जखाते उघडताना तारीख, कारण आणि मुदत लिहिल्याशिवाय खाते उघडतच नाही, कारण ते खाते कधीतरी बंद व्हायचे असते. नळीचेही तसेच आहे. नळी घातल्याचा पुरावा राहावा एवढ्यापुरती ही नोंद नसते. नळी वेळेवर निघावी, हा तिचा खरा हेतू. विद्यार्थ्यांनी एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी या लेखाचे काम झाले.

३. नळी घालण्यापूर्वी काय लिहावे?

(अ) कारण. निवाशाने शेवटची लघवी कधी केली, ओटीपोट फुगले आहे का, दुखते का, यांची प्रत्यक्ष पाहणी लिहावी. "लघवी होत नाही" एवढे पुरेसे नाही.

(आ) आदेश. कोणत्या डॉक्टरांनी, किती वाजता सांगितले? फोनवर सांगितले असल्यास तसे लिहावे, आदेश परत वाचून दाखवल्याचे लिहावे आणि नंतर डॉक्टरांची सही घ्यावी. नळी घालणे हे डॉक्टरांचे किंवा प्रशिक्षित नोंदणीकृत परिचारिकेचे काम आहे. आया किंवा वॉर्डबॉय यांच्यावर ते सोपवू नये.

(इ) संमती. वृद्ध आहे, कमी ऐकते, विसरते म्हणून न विचारता हात लावणे हा अपमान आहे. काय करणार ते त्यांच्या भाषेत सांगावे, त्यांचे उत्तर लिहावे. स्मृतिभ्रंशामुळे समजत नसेल तर कोणत्या नातलगाशी बोललो ते लिहावे. नकार दिला तर तोही लिहून डॉक्टरांना कळवावे. पडदा लावला होता, सोबत दुसरी कर्मचारी होती, हेही नोंदीत यावे.

(ई) अ‍ॅलर्जी. लॅटेक्स रबराची किंवा बधिर करणाऱ्या जेलीची अ‍ॅलर्जी आहे का, हे विचारल्याचे लिहावे.

४. नळी घातल्यावर काय लिहावे?

तारीख वर्षासह आणि वेळ. नळीचा नंबर आणि प्रकार, म्हणजे साधी लॅटेक्सची की पूर्ण सिलिकॉनची. यावर ती जास्तीत जास्त किती दिवस चालेल हे ठरते. पूर्ण सिलिकॉनची नळी उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे १२ आठवड्यांपर्यंत चालू शकते, साधी लॅटेक्सची त्यापेक्षा पुष्कळच कमी. पाकिटावरचा बॅच क्रमांक व मुदत उतरवून घ्यावी. अनेक ठिकाणी पाकिटावरची चिकटपट्टीच केसपेपरवर लावतात. ही चांगली पद्धत आहे.

बलूनमध्ये किती मिली पाणी भरले हे अवश्य लिहावे. नळी काढताना तेवढेच पाणी परत आले पाहिजे. १० मिली भरले आणि ६ मिलीच आले, तर बलून अजून फुगलेला आहे. अशा वेळी ओढल्यास मूत्रमार्ग फाटतो. भरलेला आकडाच ठाऊक नसेल तर काढणाऱ्याने काय समजावे?

लगेच किती लघवी आली, रंग कसा, गढूळ की स्वच्छ, रक्त किंवा वास आहे का, तपासणीसाठी नमुना पाठवला का, हे लिहावे. पुरुष निवाशाच्या बाबतीत मागे सारलेली अग्रत्वचा पुन्हा पुढे आणल्याचे न विसरता लिहावे. ती मागेच राहिली तर सूज येऊन रक्तपुरवठा अडू शकतो. नळी मांडीला कशी बांधली, पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकता लावली का, निवाशाला त्रास झाला का, त्यांनी स्वतः काय सांगितले, हे लिहावे.

आणि शेवटी दोन ओळी, ज्या हमखास राहून जातात : नळीच्या गरजेचा फेरविचार कोणत्या दिवशी, आणि तो कोणी करायचा.

अडथळा आला तर? जोर लावू नये. थांबावे, डॉक्टरांना कळवावे. किती प्रयत्न झाले, कुठे अडले, रक्त आले का, किती वाजता कोणाला कळवले, हे जसेच्या तसे लिहावे. फसलेला प्रयत्न लपवला तर पुढचा माणूस त्याच जागी पुन्हा जखम करील.

५. नोंदीचा नमुना

पुढील दोन नोंदी मी समजावण्यासाठी रचल्या आहेत. पहिली अशी :

"पेशंटला कॅथेटर घातला. लघवी झाली. पेशंट बरा आहे."

दुसरी अशी :

"१२/०६/२०२४, १०.२० वाजता. निवाशांनी काल रात्री ११ नंतर लघवी केलेली नाही. ओटीपोट फुगलेले, दाबल्यास दुखते. डॉक्टरांना ९.४० ला फोन केला, नळी घालण्याचा आदेश मिळाला, परत वाचून दाखवला. निवाशांना समजावले, त्यांनी 'घाला' असे सांगितले. लॅटेक्सची किंवा जेलीची अ‍ॅलर्जी नाही असे त्यांनी व मुलीने सांगितले. पडदा लावला, मदतीस सहकारी होती. निर्जंतुक पद्धतीने, लिग्नोकेन जेली वापरून, पूर्ण सिलिकॉनची १४ नंबरची नळी पहिल्याच प्रयत्नात अडथळ्याविना गेली. लघवी येऊ लागल्यावर बलूनमध्ये १० मिली निर्जंतुक पाणी भरले. अग्रत्वचा पूर्ववत पुढे आणली. ६५० मिली लघवी आली, गडद पिवळी, स्वच्छ, रक्त नाही. नळी मांडीला बांधली, पिशवी पलंगाच्या चौकटीला, मूत्राशयाच्या खाली. निवासी म्हणाले, 'पोटावरचा ताण गेला.' १०.४५ ला नाडी ८४, रक्तदाब १३०/८०, ताप नाही. १०.५० ला डॉक्टरांना कळवले. गरजेचा फेरविचार १४/०६/२०२४ सकाळी, डॉक्टरांच्या भेटीत." खाली सही, पूर्ण नाव, पद, नोंदणी क्रमांक आणि पाकिटाची चिकटपट्टी.

पहिलीत खोटे काही नाही. पण ती वाचून रात्रपाळीच्या सिस्टरला काहीच करता येत नाही. दुसरी लिहायला पाच-सात मिनिटे जास्त लागतील, आणि ती वाचणारा कोणीही पुढचे काम बिनचूक करील.

६. रोजची आणि शेवटची नोंद

"कॅथेटर ओके" ही नोंद नव्हे. रोज लिहावे, आज कितवा दिवस, पिशवीतून किती मिली काढले, रंग कसा, नळीला पीळ किंवा गाठ आहे का, त्या भागाची स्वच्छता केली का, ताप आहे का, बोलण्या-वागण्यात बदल आहे का. वृद्धांमध्ये अचानक गोंधळल्यासारखे होणे ही आजाराची सूचना असू शकते. ती "म्हातारपणी असे होतेच" म्हणून सोडू नये. आणि रोज एक प्रश्न लिहून त्याचे उत्तर द्यावे : आज नळी का हवी? उत्तर सापडले नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. निवासी रुग्णालयातून केंद्रात किंवा केंद्रातून रुग्णालयात जाताना ही माहिती कागदावर सोबत गेली पाहिजे. मोठ्या बाबांचा घात याच दारात झाला.

नळी काढल्यावर तारीख, वेळ, बलूनमधून परत आलेले पाणी, नळी अखंड निघाली का, हे लिहावे. नंतर पहिली लघवी किती वाजता, किती झाली हे पाहावे. सहा-आठ तासांत झाली नाही, किंवा त्याआधीच पोट फुगून दुखू लागले, तर डॉक्टरांना कळवावे. येथे खाते बंद झाले.

७. लिहिण्याचे नियम

हे नियम बँकेत आणि वॉर्डात सारखेच आहेत. काम झाल्यावर लगेच लिहावे, आधी लिहून ठेवू नये. स्वतः केले-पाहिले तेच लिहावे, दुसऱ्यासाठी सही करू नये. चूक झाली तर एकच रेघ मारून, खालचे वाचता येईल असे ठेवून, बाजूला सही व तारीख टाकावी. खाडाखोड नको, पांढरी शाई नको. उशीर झाला तर "उशिरा केलेली नोंद" असे म्हणून खरी वेळ लिहावी. मध्ये रिकामी ओळ सोडू नये. "चांगले", "नॉर्मल", "भरपूर" या शब्दांऐवजी माप आणि वर्णन द्यावे. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग' या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. मोघम नको, नेमके पाहा, हाच त्याचा रोख आहे.

कायद्याची बाजूही विद्यार्थ्यांना ठाऊक असावी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायच्या आहेत, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या आहेत. परंतु भीतीपोटी केलेली नोंद कोरडी होते. ज्या माणसाची ती आहे त्याच्यासाठी केलेली नोंद पूर्ण होते.

८. आपण सभासदांनी काय करावे?

आपण परिचारिका नाही, पण विचारणारे होऊ शकतो. आपल्या माणसाला नळी असेल तर चार प्रश्न विचारावेत. कधी घातली? कशासाठी? किती नंबरची, बलूनमध्ये किती पाणी? कधी काढणार? उत्तरे एका वहीत तारखेसह लिहावीत. नळी मात्र स्वतः काढू नये, ओढू नये. विचारण्यात उद्धटपणा नको. सिस्टरांवर एकाच वेळी अनेक निवाशांचा भार असतो. "सिस्टर, एवढे लिहून द्याल का?" असे शांतपणे विचारले तर बहुतेक वेळा उत्तर मिळते. नाही मिळाले तर पुन्हा विचारावे. वृद्ध माणूस लाजेने या विषयावर बोलत नाही, म्हणून आपण बोलले पाहिजे.

मोठे बाबा आजही आहेत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, वर्तमानपत्र वाचतात. शेजारच्या फळीवर एक वही ठेवली आहे. येणारी सिस्टर तीत लिहिते, मी रविवारी ती वाचतो. मागच्या वेळी ते मला म्हणाले, "बाळा, बँकेतली वही घरी आणलीस का रे?" मी हसलो. पण ही वही पाच आठवडे आधी आणली असती, तर कदाचित आज ते माझ्याबरोबर दारापर्यंत चालत आले असते.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही उद्या वॉर्डात उभे राहाल. हात धुऊन, मोजे घालून नळी बिनचूक घालाल. पण तेवढ्याने काम संपणार नाही. पेन उचला, तारीख लिहा, आणि ती कधी निघणार तेही लिहा.